बुटांचा आवाज ऐकणारे गृहस्थ

अकरावीत असताना माझ्या नडग्या दुखायला लागल्या. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. रोज सकाळी मी डोंबिवलीहून शीळफाट्याच्या दिशेने पळायचे, पायात शाळेतलेच पांढरे कॅनव्हासचे बूट. आई म्हणाली, "बंद कर ते पळणं." बाबा मात्र रविवारी मला घेऊन ठाण्याला गेले, खेळाच्या सामानाच्या एका दुकानात.

मला स्पाइक्स हवे होते, तळाला खिळे असलेले बूट. जिल्ह्यात पहिल्या आलेल्या मुलीच्या पायात पाहिलेले, तेव्हापासून डोक्यात तेच.

दुकानदार साठीचे, स्वतः अनवाणी. त्यांनी स्पाइक्स माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "आता तुझे जुने बूट दे बघू."

दारातल्या उजेडात ते उलटे धरून त्यांनी तळव्यांवरून अंगठा फिरवला. मग बाबांना विचारलं, "साहेब, हिचा डावा घोटा लहानपणी मोडलेला का?"

बाबांनी हो म्हणून सगळं सांगितलं. तीन वर्षांची असताना मी ओट्यावरून पडलेले, दीड महिना प्लास्टरमध्ये होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?" बाबांनी विचारलं.

"डावा बूट फक्त आतल्या बाजूनं झिजलाय. उजवा सरळ आहे. पळतेस कुठे, बाळ?"

"रस्त्यावर."

"मग खिळे ठेव खाली. ते मातीचे. डांबरावर नडग्यांची वाट लागेल."

त्यांनी तीन जोड काढले: एक पातळ नि हलका, एक जाड टाचेचा, आणि एक आतल्या बाजूने कडक, बोजड, अगदी कुरूप. "एकेक घालून त्या पिंपळापर्यंत पळून ये," म्हणाले आणि स्टुलावर डोळे मिटून बसले.

गल्लीत रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्यांचा ओरडा. त्यात हे काय ऐकणार? पण पहिल्या फेरीनंतर ते म्हणाले, "फार आपटतेस." दुसऱ्या फेरीनंतर, "बरं आहे. पण डावं पाऊल अजून घसटतंय."

तिसऱ्या वेळी तो कुरूप जोड घालून परत आले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी बाबांना विचारलं, "कुठवर आली?"

माझी पावलं त्यांना ऐकूच आली नव्हती. बाबांनी लगेच पाकीट काढून त्या जोडाचे पैसे दिले.

घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "मी तुला रोज बघतो गं. मला नाही दिसलं."

दीडेक महिन्यात दुखणं गेलं. त्या हिवाळ्यात खडवलीला शेतांमधून शर्यत झाली. तिथे सगळी माती, बाकीच्या मुली स्पाइक्समध्ये, मी माझ्या बोजड बुटांत. सातवी आले. बाबा बांधावर उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडत होते.