बुडबुडे बसेपर्यंत

सोड्याची बाटली हलवली की आतला वायू वाढतो, असं पुष्कळांना वाटतं. तो वाढत नाही. वरच्या रिकाम्या जागेतला थोडा वायू बारीक बुडबुडे होऊन पाण्यात मिसळतो, एवढंच. झाकण उघडलं की दाब उतरतो, पाण्यात विरघळलेला वायू त्या बुडबुड्यांत शिरतो, ते फुगतात आणि पाण्याला घेऊनच बाहेर उसळतात. बाटली थोडा वेळ उभी ठेवली तर बुडबुडे वर जाऊन विरतात, मग फारसं सांडत नाही. सोनाळ्याच्या शाळेत हे मी दरवर्षी शिकवायची. माझ्या शिकवण्याचा मला भारी तोरा होता.

घर आणि शेत तिथून जवळच्या खेड्यात. त्या वर्षी बीटी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळी लागत नाही म्हणून घेतलेलं बियाणं, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. माझा धाकटा दीर पाठीवर पंप घेऊन रोज अळीचं औषध फवारत होता. झाडं उंच, म्हणून नळी वर धरायची, आणि तुषार सगळे स्वतःच्याच तोंडावर. फवारून आलेल्याला गरगरलं की आमच्याकडे सोडा पाजतात. ढेकर आला की औषध उतरतं, असा सगळ्यांचा भरवसा. मी विज्ञानाची बाई, पण मलाही त्यात कधी काही खटकलं नव्हतं. आज त्याचा राग येतो, आणि तो दुसऱ्या कुणावर काढताही येत नाही.

शाळा सुटता सुटता सासूबाईंचा फोन आला.

"लहान्याले मळमळून राह्यलं. येतानी सोडा घेऊन ये वं."

मी स्टँडवरून सोड्याची मोठी बाटली घेतली, पिशवी स्कूटीला अडकवली आणि सरकारी दवाखान्यासमोरून घराकडे निघाले. दवाखान्याचं फाटक उघडं होतं. पुढचा रस्ता खड्ड्यांचा, बाटली पार घुसळून निघाली.

दीर ओसरीवर खांबाला टेकून बसला होता, औषधानं ओल्या झालेल्या सदऱ्यातच, घामानं डबडबलेला. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या मी पाहिल्या, आणि उन्हातून आलाय म्हणून असेल, असं समजले. सासूबाई झाकण फिरवायला लागल्या तशी मी बाटली त्यांच्या हातून काढून घेतली. आत्ता उघडली तर निम्मा सोडा जमिनीवर जाईल, म्हटलं. काठाला चिकटलेले बुडबुडे सुटावेत म्हणून बाटलीला टिचक्या मारत मी त्या दोघांना सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंनी एकदा लवकर पाज म्हटलं. असल्या बाबतीत त्या घरात माझाच शब्द चालायचा.

दिराला माझ्या मास्तरकीची नेहमी गंमत वाटायची. तेव्हाही तो हसला. ओठातून लाळ आली, ती त्यानं त्या ओल्या बाहीनंच पुसली.

"वहिनी, बसले काय बुडबुडे?"

मी म्हटलं, अजून थोडं. तो थांबला.

मग मी झाकण उघडलं. थेंबभरही सांडला नाही. सासूबाईंनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. तो दोन घोट प्याला आणि त्याच्या नाकातोंडातून फेस यायला लागला.

शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही त्याला त्याच फाटकातून आत नेलं. डॉक्टरांनी आधी त्याचा सदरा फाडून काढला आणि अंग धुवायला लावलं. त्रास कधीपासून होतोय, असं त्यांनी विचारलं. मी शाळा सुटल्याची वेळ सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई अजूनही सांगतात की सुनेनं होईल तेवढं सगळं केलं, सोड्याचा एक थेंब सांडू दिला नाही. मी त्या वेळी आत चहा ठेवायला जाते. बाटली घेऊन मी दवाखान्याच्या उघड्या फाटकासमोरून आले होते, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.