खुडूक कोंबडी

आमची तांबडी कोंबडी खुडूक बसली आहे. अंडी आम्ही रोज उचलतो, तरी ती रिकाम्या टोपलीतून उठत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बादलीत बुडवून काढा, खूळ उतरेल."

आज सकाळी मी तिला बुडवलं. ती पंख झाडून, निथळतच पुन्हा टोपलीत जाऊन बसली. आपल्या सोयीची नसलेली माया आपण किती सहज खूळ ठरवतो!

दुसऱ्या कोंबडीचं एखादं अंडं असेल म्हणून मी तिच्याखाली हात घातला. टोचेल असं वाटलं होतं. तिने माझी बोटं चोचीने हळूच आत सारली आणि त्यांच्यावर नीट बसली. ओल्या पिसांखाली पोट गरम होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आहे का हो अंडं?" आतून बायकोने विचारलं.

मला हात काढवेना.