गौर लोखंडी शिडीवरून येते

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे साडेनऊ झालेले असतात. स्थळ: कांदिवली पूर्व, पोयसर नदीचा काठ. मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, अस्सल, रंगवलेला नाही. पुढे नवाकोरा ‘नदीविहार’. चालायला लाल पट्टा, सेल्फीसाठी कमान, भिंतीवर गुलाबी फ्लेमिंगो. बाकं सगळी रस्त्याकडे तोंड करून, कारण नदीकडे तोंड केलं तर वास येतो. नदीविहारात सगळं आहे. नदीपर्यंत पोचायची वाट तेवढी नाही.

आणि दोन पुरुष उंचीच्या भिंतीआडून आधी एक अंबाडा वर येतो, मग हिरवी साडी, मग अख्ख्या शेवंतीताई. वय एकाहत्तर. गाळ काढणाऱ्यांच्या लोखंडी शिडीवरून, पदराच्या गाठीत सात खडे बांधून. काय ती एंट्री!

ताई लग्न होऊन आमच्या चाळीत आल्या त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. माणसं मूळची गुहागरकडची, घरी खड्यांच्या गौरी. भाद्रपदात वाहत्या पाण्यातून सात खडे उचलायचे आणि तोंडात पाण्याची चूळ धरून, एक शब्दही न बोलता घरी आणायचे. वाटेत बोललात तर पुन्हा पाण्यावर जा. पूर्वी ताई चूळही नदीचीच भरत. आता ती घरच्या फिल्टरची असते. खडे मात्र अजून डोंगरच पाठवतो, दर पावसाळ्यात, सिमेंटच्या ढेकळांमधून वाट काढत. त्या डोंगरावर ढग कसा बसलाय ते बघून ताई चाळीला सांगतात, “सामान वर घ्या रे, अर्ध्या तासात पाणी येणार.” आणि येतं.

भिंत बांधली तेव्हा जुन्या दगडी पायऱ्या तिच्या पोटात गेल्या. ताईंनी पायऱ्यांसाठी तीन वर्षं पालिकेकडे अर्ज केले. उत्तर एकदाच आलं: ‘सदर ठिकाणी नागरिकांनी नदीत उतरणे अपेक्षित नाही.’

त्या सकाळी नेमकं नदीविहाराचं उद्घाटन होतं. मंडप, कर्णे, मोठे साहेब. तरुण इंजिनियर सुबोध बिनतारी माइक हातात घेऊन नकाशा समजावत होता. “हे आपलं पाणलोट क्षेत्र. या डोंगरावर पडलेला प्रत्येक थेंब...”

साहेबांनी मध्येच विचारलं, “ही नदी स्वच्छ असताना पाहिलेलं कुणी आहे का इथे?”

अख्ख्या चाळीचं बोट शिडीकडे गेलं.

सुबोध धावला. “आजी, दोन शब्द बोला ना! काही मागणी असेल तर आत्ताच सांगा. साहेब समोर आहेत.”

तीन वर्षं ज्याच्यासाठी अर्ज खरडले तो क्षण तोंडाशी आला होता, आणि तोंडात चूळ होती. ताईंचे गाल फुगलेले, डोळे वटारलेले.

“ऐकू येत नाही का आजींना?” साहेबांनी विचारलं.

“झकास ऐकू येतं,” शेजारचा धाकू म्हणाला. “पदरात गौर आहे तिच्या, तोंडात चूळ. बोलली तर परत शिडी उतरावी लागेल, या गुडघ्यांनी. वर्षातून एकदाच गप्प असते रे ती, तुम्ही बरोबर तोच मुहूर्त गाठलात!”

ताईंनी क्षणभर शिडीकडे पाहिलं. मग पदराच्या गाठीकडे. मग सुबोधच्या हातातला माइक काढून घेतला, काखेत मारला आणि चालू लागल्या. माइकमागे इंजिनियर, इंजिनियरमागे साहेब, साहेबांमागे फोटोवाला. गौरीची एवढी मोठी मिरवणूक आमच्या चाळीत पूर्वी निघाली नव्हती.

दारात सून अक्षता दूधपाणी घेऊन उभी होती. सासूच्या पायांवर ते घालून तिने दरवर्षीचा प्रश्न विचारला, “गौर आली, कशाच्या पावलांनी आली?”

उत्तर ठरलेलं असतं: सोन्याच्या पावलांनी. ताईंनी चूळ गिळली. काखेतला माइक तोंडाशी धरला, आणि पलीकडच्या मंडपातले सगळे कर्णे एकदम बोलले:

“लोखंडी शिडीनं आली गं बाई. आता मागे उभ्या असलेल्या त्या साहेबांना विचार, पायऱ्या कधी करताय?”