मेणकापडाखालचा कोच

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सुमतीबाई विजयकर पुढच्या खोलीत गुडघ्यांवर बसून कोच घासत होत्या. ब्रशच्या चौथ्या फटक्याला आतल्या खोलीत त्यांच्या नवऱ्याला, मनमोहनना, दम्याची उबळ आली. त्यांनी हात थांबवला.

जानेवारी १९५६. मुंबई केंद्राकडे जाणार ही घोषणा झाल्यापासून गिरगावात दगड, गोळ्या आणि कर्फ्यू. डॉक्टर दोन गल्ल्यांवर राहत होते, पण त्यांना आणायला जाणार कोण?

कोच हिरव्या मखमलीचा. घरचा रिवाज असा, की पाहुणा आला की वरचं मेणकापड काढायचं, गेला की पुन्हा घालायचं. आषाढात सासरे वारले. भेटायला येणारी माणसं सतरंजीवर बसली, दिवाळी झाली नाही, आणि कोच सगळा पावसाळा मेणकापडात कोंडून राहिला. काल करी रोडहून भावाला भेटायला आलेली नणंद उर्मिला कर्फ्यूत अडकली. तिच्या झोपण्यासाठी मेणकापड काढलं, तर मखमलीवर राखाडी बुरशी. तेव्हापासून मनमोहनचा श्वास वाजत होता.

"बाहेर न्यायला हवा," सुमतीबाई म्हणाल्या.

"गॅलरीत? वहिनी, समोरच्या खिडकीतून काल गोळी शिरलीय."

"इथे झाडला तर सगळं त्यांच्या छातीत जाईल, वन्सं."

"आणि तुम्हाला काही झालं तर दादाला कोण बघणार? मी? मला तर साधा काढाही जमत नाही."

आतून पुन्हा उबळ ऐकू आली, तेव्हा दोघींनी कोच गॅलरीत ढकलला, पाठ रस्त्याकडे करून. वारा घराच्या दिशेने होता. सुमतीबाईंनी नाकाला ओला रुमाल बांधला.

"आतून कडी घाला. मी सांगेपर्यंत उघडू नका."

कडी लागल्याचा आवाज त्यांनी ऐकला. मग त्या कोचाच्या पाठीआड बसल्या आणि डोकं खाली ठेवून घासू लागल्या. रस्त्यावर पोलिसांच्या बुटांखेरीज दुसरा आवाज नव्हता. पाठीचा वरचा काठ घासताना त्यांचा बांगड्यांचा हात खालून दिसला असावा; बूट खाली येऊन थांबले.

"ओ बाई! आत व्हा!"

त्या उठल्या नाहीत. उठलं तर डोकं दिसलं असतं.

"हातात काय आहे?"

"ब्रश आहे, साहेब."

"वर करा. दोन्ही हात."

त्यांनी हात वर केले. ब्रशमधली भुकटी डोळ्यांत पडली, पण डोळे पुसायला हात खाली घेण्याची हिंमत झाली नाही.

"दगड-बिगड नाही ना?"

"कोचाला बुरशी आलीय. आत नवऱ्याला दमा आहे."

खाली दोघं काहीतरी बोलले. एक हसला.

"कोचासाठी मरताय होय? आवरा लवकर!"

बूट पुढे गेले. सुमतीबाईंचे हात वरच राहिले होते. ते खाली घेऊन त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा घासू लागल्या.

मग सोबत आणलेल्या बादलीतल्या साबणाचा नुसता फेस मखमलीवर फिरवून कोरड्या फडक्याने टिपला. पाणी ओतलं नाही, आतला काथ्या भिजला असता. ऊन जाईपर्यंत त्या दाराशी पाठ टेकून तिथेच बसल्या.

"उघडा, वन्सं."

मनमोहन उशांना टेकून बसले होते. उबळ ओसरली होती. श्वास अजून वाजत होता, पण आता पूर्ण वाक्य बोलता येत होतं. "किती वेळ हाका मारतोय तुला," ते म्हणाले.

सुमतीबाईंनी बैठकीच्या फटीत बोटं घालून पाहिली. वर मखमल सुकली होती, आतला काथ्या दमटच होता. असा कोच आत आणणं म्हणजे पुन्हा तीच बुरशी. त्या रात्री तो गॅलरीतच राहिला.

उद्याही कर्फ्यू आहे. गॅलरीत ऊन दहाला येतं.