सावकाश सुटणाऱ्या औषधाची ओढ

माने सरांना मी प्रथम पाहिले ते विट्याला, आमच्याच घरी. सांगलीच्या औषधनिर्माण महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला होता, पण वडील पाठवायला तयार नव्हते. हे कळताच तिथले प्राध्यापक असलेले सर स्वतः एस.टी.ने आले.

"आवं सर, आमी सोनं गाळणारी मान्सं," वडील म्हणाले. "पोरगी आता औषधं गाळनार व्हय?"

"तुमच्या घरात वाढलीय. आच किती द्यायची हे मला शिकवावं लागणार नाही!"

वडील हसले, आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर होण्याची वाट मला मोकळी झाली.

पुढे एकदा सरांनी आम्हाला रुग्णालयात नेले. कोयनानगरकडच्या एका बाईंच्या पायाच्या शिरेत बाळंतपणानंतर रक्ताची गाठ झाली होती. गाठ वाढू नये म्हणून दिलेल्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या आठवड्याच्या गोळ्या त्यांनी एकदम घेतल्या होत्या. हिरड्यांतून रक्त येत होते.

"ताई, आठवड्याचं जेवण एकदम जेवता का?" सरांनी विचारले.

"लगनात जेवतो की! रोज कुठलं ध्यान ऱ्हातंय? म्हनलं, एकदाच घ्यावं, लय गुन यील."

सगळा वॉर्ड हसला. बाई पुढे बऱ्या झाल्या. बाहेर आल्यावर मात्र सर म्हणाले, "चूक त्यांची नाही. एकदा घेतलं तरी आठवडाभर थोडं थोडं सुटेल असं हे औषध आपण अजून केलेलंच नाही."

तेव्हापासून सर तेच करत आहेत. मेणात औषध मिसळून कातडीखाली ठेवता येईल अशी कणी करायची, ती कोमट पाण्यात सोडायची आणि पाण्यात किती औषध उतरले ते तपासत राहायचे. बहुधा दुपारपर्यंत कणी फुटे आणि सारे औषध एकदम बाहेर येई. आम्ही हिरमुसत असू. माने सर मूळचे आष्ट्याचे; ते गावच्या बोलीत म्हणत, "हिलाबी घाई झाली," आणि पुन्हा मेण वितळायला ठेवत.

अलीकडे एक कणी बरीच टिकली. पाण्यात टिकणे वेगळे आणि माणसाच्या अंगात वेगळे, हेही सरांनीच बजावले. एवढ्यात साठी आली, निवृत्तीही आली.

मी आज मुंबईच्या कारखान्यात गोळ्या तपासते. तिथे लवकर विरघळणारी गोळी चांगली. मला मात्र सांगलीच्या त्या टेबलापाशी सरांबरोबर ताटकळत बसावेसे वाटते.

महाविद्यालयाने सरांसाठी प्रयोगशाळेचा एक कोपरा राखून ठेवावा. मी रजा काढून येईन. सरांना निरोगी आणि इतके दीर्घ आयुष्य लाभो, की त्यांचे औषध एखाद्या आईच्या अंगात सावकाश उतरताना त्यांनी स्वतः पाहावे.