बाबांची सगळ्यांत झिजलेली रेकॉर्ड

माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला निम्मं जूचंद्र गाव आलं आणि उपाशीच उठून गेलं. भांडण नव्हतं, कुणाचा अपमान झाला नव्हता, जेवणही तयार होतं. मी त्यांना फक्त संगीत ऐकवलं होतं.

तुम्ही म्हणाल, बाई गात असेल. नाही हो! तिथवर माझी मजल गेलेली नाही. मी नुसती ऐकते. वसईला आमच्या सोसायटीत आम्ही सहा-सात जणांनी एक श्रवण मंडळ काढलंय. दर रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये जमायचं, डोळे मिटायचे, माना हलवायच्या आणि शेवटी पोहे खायचे. मंडळाचे अध्यक्ष कुलकर्णी सर. ते एकदा मला म्हणाले, "सुमनताई, तुमचा कान तयार आहे." झालं! तेव्हापासून कच्च्या कानाच्या उरलेल्या मानवजातीची मला कीव येऊ लागली. (या मानवजातीत पहिला नंबर माझ्या नवऱ्याचा. शेजारी सतार वाजत असली तर तो मिक्सर बंद करायला उठतो.)

बाबा जूचंद्रचे. त्यांची साऊंड सर्विस होती, म्हणजे लग्न, हळद, पूजा असली की सायकलला भोंगा बांधून जायचं, तो बांबूवर चढवायचा आणि खाली बसून रेकॉर्डी लावायच्या. गाव त्यांना 'भोंगेवाला' म्हणायचं. मी पहिली-दुसरीत असताना कॅसेटी आल्या, तसा बाबांनी भोंगा माळ्यावर टाकला आणि मिठागरावर नोकरी धरली. त्यामुळे त्यांच्या धंद्यातलं मला एवढंच आठवतं, की मांडवात मी आईच्या मांडीवर झोपायचे आणि जाग यायची ती घरी. मंडळात मात्र मी "आमच्या वडिलांचा रेकॉर्डसंग्रह आहे" असं सांगायचे. खोटं नाही ते. भोंग्याचा उल्लेख तेवढा राहून जायचा.

बाबा गेले, वर्ष होत आलं आणि माझ्या थोरल्या भावाला, हरेशदादाला, माळा रिकामा करायची घाई झाली. त्याचा फोन आला. "दोन ट्रंका हायत रेकॉर्डींच्या. घेऊन जा, नायतर भंगारात घालतो."

"दादा! बाबांचा संग्रह आहे तो!"

"संग्रह कसला? धंद्याचा माल तो. टेम्पोवाला टायर ठेवतो, त्याला काय आपून संग्रह म्हनतो?"

ही आमच्या घरातली रसिकता! मी तडक जूचंद्र गाठलं. तिथे दादाची मुलगी पूर्वा माझ्या आधीच ट्रंक उघडून बसली होती. "आत्या, गरम पाण्यात घातल्या ना, की या रेकॉर्ड्सचे कसले क्यूट बाऊल होतात! मी रील बघितली."

"बाऊल? कशाला?"

"वेफर्स ठेवायला."

बाबांच्या संग्रहात वेफर्स! माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे मी दादाशी पैज लावली. वर्षश्राद्धाच्या दिवशी सगळ्या गावासमोर बाबांची सर्वांत आवडती रेकॉर्ड लावायची. गावाने मनापासून ऐकली, तर पुढच्या खोलीत काचेचं कपाट करून रेकॉर्डी त्यात मानाने ठेवायच्या. नाही ऐकली, तर पूर्वाने खुशाल पाणी गरम करावं. दादा म्हणाला, "चालंल." एवढ्या पटकन हो म्हणाला, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग मी ट्रंका उपसायला बसले. डांबरगोळ्यांचा वास, कसरीने खाल्लेली पाकिटं, आणि आत काय? लग्नात वाजणारी सगळी ढँगचिक गाणी! एकेक नाव वाचताना माझा तयार कान कुरकुरायला लागला. तेवढ्यात तळाशी ती सापडली. पाकीट नाही, मधला कागद उडून गेलेला, आणि वाजून वाजून पार पांढरी पडलेली. बाकीच्या रेकॉर्डी तिच्यापुढे कोऱ्या दिसत होत्या. माणूस जे सर्वांत जास्त ऐकतो, तेच त्याचं हृदय! (हे वाक्य मी ट्रंकेजवळच तयार केलं आणि पुढे चार ठिकाणी वापरलं.)

कुलकर्णी सरांचा रेकॉर्ड प्लेअर मागून आणला आणि ती घरी लावून ऐकली. क्लॅरिनेटवरची एक संथ धून होती. मध्ये चरा पडल्यामुळे एक सूर अडकायचा, तीनदा वाजायचा आणि मग पुढे सरकायचा. ऐकता ऐकता काय झालं कोण जाणे, मी उठले, पर्स घेतली, चपला घातल्या आणि लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले.

"कुठे निघालीस?" नवरा.

"कळत नाही," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "असं संगीत माणसाला स्वतःच्या बाहेर काढतं."

"बाहेर निघालीच आहेस तर कोथिंबीर आण."

कच्चा कान!

आईला मी फोनवर सांगितलं, तर तिने विचारलं, "कलारनेट वाजतं ती? मधीच अडाकते ती?"

"हो, तीच!"

"अगो, ती नको लावू."

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

"नाय कलत. पन ती नको. आन जेवनाच्या आधी तर नकोच नको."

"जेवल्यावर माणसं पेंगतात, आई. संगीत रिकाम्या पोटी ऐकायचं असतं." आणि मी फोन ठेवला. बिचारी! बाबांच्या आठवणीने तिला ती धून सोसत नसणार, हे माझ्या लगेच लक्षात आलं. भाषणात मी तसा एक हळवा परिच्छेदही घातला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी अंगणात मांडव पडला. मागे आचाऱ्याची कढई चढली. वडे, वालाचं बिरडं, तांदळाची खीर. मी सरांच्या प्लेअरबरोबर सोसायटीचा छोटा, नाजूक स्पीकर नेला होता, पण दादाने माळ्यावरून बाबांचा भोंगा काढला आणि बांबूवर चढवला. "बापाचा दिवस हाय. भोंगाच वाजंल." माझं मंडळ खादीचे कुडते घालून रिक्षांनी आलं. भोंगा बघून कुलकर्णी सरांच्या भुवया वर गेल्या. मी घाईने म्हणाले, "मूळ ध्वनियंत्रणा आहे." त्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. बाकी गाव सतरंज्यांवर.

मी माईक घेतला. वड्यांचा वास मांडवभर फिरत होता आणि मी बोलतच होते. "आमचे बाबा हे मुळात एक साधक होते..."

"कोन साधक?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"आपला भोंगेवाला, दुसरा कोन!"

"मंग तसं सांग ना!"

मी दुर्लक्ष केलं. स्वयंपाकघराच्या दारातून आई हातवारे करून नको नको म्हणत होती. मी तिच्याकडे बघून करुण हसले आणि सुई ठेवली.

भोंग्यातून क्लॅरिनेटचा पहिला सूर निघाला. पुढच्या सतरंजीवर बाबांचे दोस्त गोपीनाथकाका बसले होते. त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर हात टेकले आणि ते उभे राहिले. मग त्यांची बायको उभी राहिली. मग ती ओळ, मागची ओळ, त्यामागची. म्हातारे उठले म्हणून तरणेही उठले. बघता बघता अख्खा मांडव उभा! हे बघून कुलकर्णी सर उभे राहिले, त्यांनी डोळे मिटून हात जोडले, आणि माझं मंडळही हात जोडून उभं राहिलं.

माझे डोळे भरून आले. भोंगेवाल्याला गाव उभं राहून मानवंदना देत होतं! मी पूर्वाला ओरडून सांगितलं, "व्हिडिओ काढ!" आणि दादाकडे अशी नजर टाकली, की त्यात काचेच्या कपाटाची दारंसुद्धा दिसावीत.

तेवढ्यात लोकांनी चपला शोधायला सुरुवात केली.

गोपीनाथकाका दादाजवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल हरेश, येतो आमी. सगलं झ्याक झालं. जेवान बेस होतं."

"काका, जेवान अजून व्हायचं हाय!"

"हो हो, बेस होतं," म्हणत काका चालूसुद्धा लागले. बायकांनी खेळणारी पोरं उचलून, झोपलेली असल्यासारखी, खांद्यावर टाकली. मागे म्हाताऱ्या आचाऱ्याने शेगडी बंद करून पातेल्यांवर झाकणं ठेवली. मी माईकवरून किंचाळले, "बसा! बसा ना! अजून दुसरी बाजू आहे!" कुणी वळून बघेल तर शपथ! वर भोंगा त्या चऱ्यावर अडकला आणि तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवू लागला, तशी माणसं आणखी भराभर चालायला लागली. मांडववाल्याने तर सवयीने कोपऱ्यातली गाठच सोडली. बाजूचं कापड सुटलं ते नेमकं कुलकर्णी सरांच्या अंगावर. आपल्याला शाल घालतायत असं समजून सरांनी डोळे न उघडता मान आणखी खाली केली.

मांडवात आता मंडळ, मी आणि गार होणारे वडे एवढेच उरलो. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"सांगत होती ना, नको लावू म्हनून?"

"आई, हे काय झालं?"

"काय व्हनार? लगीन लागायचं, जेवनं व्हायची, तरी मानसं मांडवात गप्पा मारीत बसायची. घरचा धनी कसा सांगनार, जावा म्हनून? आन तुझ्या बापाला भोंगा उतरवून घरी येयाचा असायचा. मंग तो शेवटाला ही लावायचा. गावाला सवयच पडली. ही वाजली का चपला घालायच्या. तुला पन तशीच खांद्यावर टाकून आनायची मी."

"म्हणजे ही बाबांची आवडती नव्हती?"

"आवडती? जाम कंटालला होता तो तिला! दर लग्नात तीच." आईने वर भोंग्याकडे बघितलं. "मला आवडायची. मी घरी असली आन लांबून ही ऐकू आली, का मी चुलीवर पानी ठेवायची. कलायचं, आता येतो."

मला तिथेच रडू फुटलं. बाबांची फार, फार आठवण आली. एका शब्दाने कुणाला न दुखवता अख्खा मांडव घरी पाठवणारा माणूस, आणि मी त्याला साधक करायला निघाले होते! रडताना पर्समधून रुमाल काढायला गेले तेव्हा लक्षात आलं, की पर्स माझ्या खांद्यावर होती आणि एका पायात चपलही.

"रड मागनं," दादा म्हणाला. "आधी वडे गार होतात." तो ट्रंकेपाशी गेला, न शोधता एक रेकॉर्ड काढली आणि लावली. लहानपणी बाबांबरोबर हाच भोंगे वाहायला जायचा, हे मी विसरूनच गेले होते. ढँगचिक, ढँगचिक! मी ज्या गाण्याचं नाव वाचून नाक मुरडलं होतं, तेच.

"ही कसली?"

"पंगत बसायची."

गोपीनाथकाका देवळाच्या वळणापर्यंत पोचले होते. तिथून ते जे वळले, ते सरळ येऊन मांडी घालून बसले आणि म्हणाले, "चला, वाढा." त्यांच्यामागे सगळं गाव आलं. भोंगा लांबवर ऐकू जातो, त्यामुळे ज्यांना बोलावलं नव्हतं असेही आले. पंगतीवर पंगती उठल्या. वडे संपले, बिरडं संपलं. माझं मंडळ खुर्च्यांवर ताटकळत बसून राहिलं, कारण पंगत बसली की खाली बसायचं असतं, हे तयार कानांना कुणी सांगितलंच नव्हतं. कुलकर्णी सरांना शेवटी खिरीची खरवड मिळाली.

दादाने कपाट केलं. म्हणाला, "गावाने ऐकली ना? मंग झालं तर. पैज म्हंजे पैज." माळा रिकामा झाला म्हणून तोही खूश आहे. पूर्वाला वेफर्ससाठी मी स्टीलचे बाऊल घेऊन दिले.

पूर्वाचा तो व्हिडिओ मात्र सगळीकडे फिरला, आमच्या मंडळातही. गेल्या रविवारी मी संगीत आणि आत्मभान या विषयावर बोलत होते. विषय रंगला होता आणि पोहे गार होत होते. कुलकर्णी सरांनी हळूच खिशातून मोबाइल काढला आणि काहीतरी दाबलं. क्लॅरिनेट वाजलं. मंडळ मुकाट्याने उठून पोह्यांकडे गेलं.

आणि मी? मी चपला घालून, पर्स घेऊन लिफ्टने खाली उतरले आणि रिक्षालाही हात केला. रिक्षावाल्याने "कुठे जायचं?" विचारलं, तेव्हा मला आठवलं, की बैठक माझ्याच घरी होती.