दोसुतीचे चौकोन

मला मुळात धीर नाही. त्यात पंच केलेली कार्डं सांगलीच्या कॉलेजातून पुण्याच्या कंप्युटरकडे जायची आणि छापलेला कागद परत यायला आठवडा लागायचा. तो आठवडा मी नुसत्या येरझारा घालत काढायचो. सत्तरीचं दशक सरत आलं होतं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि पुढे पुण्याला जाऊन कंप्युटरच शिकायचा असं डोक्यात घेतलं होतं. वडील पलटणीतून पेन्शनीवर आलेले. त्यांना मी उंब्रजजवळच्या आमच्या उसात हवा होतो. "काय शिकतोयस ते आदी डोळ्यांनी दाव, मग बघू," एवढंच ते म्हणाले.

दाखवायला आकडेमोड काय कामाची? मी ठरवलं, त्यांचाच चेहरा छापून न्यायचा. कंप्युटरवर चित्र कसं काढतात हे कॉलेजात कुणी धड सांगेना. शेवटी शिकवलं माझ्या बहिणीने. ती रुखवतासाठी दोसुतीच्या कापडावर दोऱ्याने मोर भरत होती. "मोर बघू नगंस, एकेक घर बघ. ह्या घरात कंचा दोरा, एवढंच बघायचं," ती म्हणाली. झालं, मला वाट सापडली. वडिलांच्या पेन्शनच्या कागदांतला फोटो गुपचूप नेला, मोठा करून घेतला आणि त्यावर पेन्सिलीने दोसुतीसारखे चौकोन आखले. चौकोन जितका काळा तितका मोठा आकडा, शून्यापासून नऊपर्यंत. शून्याला कोरी जागा, मधल्यांना टिंब नाहीतर फुली, नऊला एकावर एक छापलेली दोन अक्षरं. आकडे कार्डांवर पंच करून पुण्याला पाठवले.

कागद आला आणि माझं तोंड उतरलं. चेहरा वडिलांचाच, पण ओढून लांब केलेला. दोसुतीचं घर चारी बाजूंनी सारखं असतं. छपाईच्या अक्षराची जागा उंचीला जास्त, रुंदीला कमी. एवढं साधं मला सुचू नये याचा स्वतःवरच संताप आला. मधल्या काही ओळी गाळून पुन्हा छापायला हवं होतं, पण आणखी आठवडाभर थांबणं जिवावर आलं. तसाच कागद गुंडाळून मी एसटीत बसलो.

घरी सोप्यात कागद उलगडला. जवळून ती अक्षरांची नुसती गिचमिड दिसत होती. वडील चार पावलं मागे सरले आणि तिथेच थबकले.

"दादा," ते म्हणाले.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, आमचे थोरले तात्या. वडिलांच्या लग्नाआधीच तापाने गेले. वडील तेव्हा सरहद्दीवर. रजा मिळाली नाही, मातीला येता आलं नाही. घरात तात्यांचा एकही फोटो नव्हता. चेहरा लांबट होता म्हणे.

"कुनी काढला रं ह्यो?"

"मशिननं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. फोटो कुणाचा होता, तेवढं मी गाळलं.

"लय मोठी इद्या हाय. जा पुण्याला."

त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावला आणि झेंडूचा हार आणला. आई चुलीपुढून उठून आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आवं, हे डोळं तर तुमचं हायती," ती म्हणाली.

"भाऊ हाय माझा."

तिने हार धरून ठेवला आणि माझ्याकडे वळली. "तू सांग. कुनाचं त्वांड हाय हे?"

वडिलांचा फोटो माझ्या खिशातच होता. तो काढून दाखवला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि माझं पुणंही.

"थोरल्या तात्यांचं," मी म्हणालो.

आईने हात काढून घेतला. माझ्या जिवंत वडिलांच्या चेहऱ्याला हार चढत होता आणि मी बघत उभा होतो.